सातव्या महिन्यातलं ग्रहण

पंच्याण्णवच्या ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं आणि त्याच्या आदल्या रविवारी विद्यापीठातली संशोधक मंडळी काळे चष्मे घेऊन बोनकोड्याच्या देवळात हजर झाली. गाव लोटलं. चष्मे फुकट म्हटल्यावर का नाही लोटणार!

त्यांच्यातल्या अरुणा मॅडमनी एक बॅटरी आणि दोन नारळ घेऊन ग्रहण झकास समजावलं. मग म्हणाल्या, "आणि ग्रहणात गरोदर बाईनं काही कापलं-चिरलं, तरी बाळाला काही म्हणजे काही होत नाही."

गर्दीत बसलेल्या विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे काही होत नाही! बोलायला हिचं काय जातंय? रंजिता पोटात असताना, भर ग्रहणात, नवरा शेतावरून उपाशी येईल म्हणून त्यांनी मासळी कापली होती. आणि पोर जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. डॉक्टरांनी ओठ शिवला, पण व्रण राहिला तो राहिलाच. सासू मरेपर्यंत टोचून बोलली. गाव तर अजून बोलत होतं.

लोक पांगल्यावर त्या तरातरा मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग पंधरा वर्षांची रंजिता, ओढणीचं टोक ओठावर धरून.

"खोटं कशाला बोलतेस, बाय?" विमलबाई म्हणाल्या. "ही बघ माजी पोर. मी ग्रहनात मासली कापली. हे मीच केलंय."

मॅडमनी वाद घातला नाही. "तेव्हा कितवा महिना होता?"

"सातवा. ओटी भरायचा दिस ठरलेला."

"नक्की सातवा?"

"आता मना इचारतेस? पोट माजं होतं!"

मॅडम त्यांना घेऊन पायरीवर बसल्या. "मावशी, कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडतं, तेच मी रोज बघते. माणसाच्या बाळाचा वरचा ओठ दोन्हीकडून येऊन जुळतो, तो दुसरा महिना सरायच्या आत. हिचा तेव्हाच जुळायचा राहिला. तुम्ही विळी घेऊन बसलात, त्याच्या कितीतरी आधी."

"मंग का राह्यला?"

"ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण ग्रहणानं नाही आणि तुमच्यानंही नाही, एवढं नक्की."

विमलबाईंनी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मग पदर तोंडात कोंबून त्या हमसाहमशी रडायला लागल्या. अगं बाई गं, पंधरा वर्षं! देवानं असं कुणाला भोगायला लावू नये.

रंजिता जागची हलली नव्हती. "आये, म्हनून तू माज्याकडं बघत नव्हतीस?"

"काय बोलतेस?"

"जेवाय वाढताना, वेनी घालताना... माज्या तोंडाकडं तू कदी बघतच नाय. मना वाटं, तुला माजी किलस येते."

विमलबाईंच्या काळजात चर्र झालं. किळस? लाज त्यांना स्वतःची वाटत होती आणि हे लेकरू इतकी वर्षं भलतंच समजून बसलं होतं! त्यांनी ओढणी बाजूला केली, पोरीची हनुवटी धरली आणि तिच्याकडे बघायला लागल्या. व्रण बघितला, हसरे डोळे बघितले. नाकाशेजारी एक बारीकसा तीळ होता.

"हा तील कवा आला?" त्यांनी विचारलं.

"लहानपनापासून हाय, आये," रंजिता म्हणाली.