मी, खुशबूचा प्लास्टरचा जबडा

मी एक जबडा बोलतोय. दचकू नका, मी कुणाला चावत नाही. मी पांढऱ्या प्लास्टरचा आहे, एक वरचा भाग आणि एक खालचा. माझ्यातले दात फुलचूर गावच्या खुशबूचे, ती आठ वर्षांची होती तेव्हाचे. तिचे खरे दात त्यानंतर बदलले, काही पडले, काही नवे आले. मी मात्र होतो तसाच आहे.

आणि सरळ सांगतो, मला माझा फार अभिमान आहे. मी देखणा नाही. समोरच्या दोन दातांत ही एवढी फट आहे, एक दाढ किडकी आहे, आणि उजवीकडचा एक दात रांग सोडून आत जाऊन बसलाय. पण मी खोटं बोलत नाही. माणसं आरशासमोर ओठ आवळतात, फोटोत मान तिरपी करतात. माझ्यासमोर असली कुणाची मात्रा चालत नाही. जे आहे ते मी चारही बाजूंनी दाखवतो, मागूनसुद्धा.

माझा जन्म डॉक्टर दुर्गेश्वरी यांच्या दवाखान्यात झाला. त्या वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर. खुशबूची आई अल्का तिला हाताला धरून घेऊन आली होती, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच तिने आपलं म्हणणं मांडलं.

"मॅडम, हिच्या समोरच्या दातातली फट बंद करून द्या. शाळेत पोट्टे हिले फाटक म्हणून चिडवतेत. रेल्वे जाईल म्हणतेत मधातून."

खुशबूने लगेच ओठ मिटले. या बाईंनी तोंड उघडायला सांगितलं, तर ते उघडेल इतकंच, हसणार मात्र नाही, असा तिचा बेत दिसत होता.

डॉक्टरांनी तिच्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेला साचा बसवला. पोरीला उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "नाकाने श्वास घे, आणि पायाची बोटं हलव. पाहू बरं किती जोरात हलवतेस," डॉक्टर म्हणाल्या. पोरगी बोटं हलवण्यात गुंतली आणि लगदा कधी घट्ट झाला ते तिला कळलंच नाही. त्या लगद्यात मग ओलं प्लास्टर ओतलं. प्लास्टर गोठताना गरम होतं, त्यामुळे मी जन्मलो तोच अंगात ऊब घेऊन. डॉक्टरांनी माझ्या कडा घासल्या, बुडावर पेन्सिलने 'खुशबू' असं लिहिलं आणि मला उन्हात ठेवलं.

पुढच्या खेपेला अल्का आली तेव्हा डॉक्टरांनी मला तिच्या पुढ्यात ठेवलं.

"ही फट पाहिली? हिला आपण हात लावायचा नाही. या वयात पुष्कळ मुलांना असते. वरचे सुळे उतरले की बहुतेक आपोआप मिटते. नाही मिटली तर तेव्हा बघू."

अल्काचा चेहरा पडला.

"पण हा दात पाहा," डॉक्टरांनी माझा उजवीकडचा दात दाखवला. "वरचे दात खालच्यांच्या बाहेर हवेत. हा आत गेलाय. तोंड मिटताना हा खालच्या दातावर आपटतो, म्हणून ती जबडा बाजूला सरकवून मिटते. खालच्या दाताची हिरडीही उतरायला लागलीय. याला मात्र आत्ताच बाहेर आणायला हवं."

"जे दिसते ते सोडून द्या म्हणता, अन् जे दिसत नाही त्याचा इलाज करा म्हणता?" अल्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण पटलेलंही काही नव्हतं.

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी मला एका रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "घरी न्या. सगळ्यांना दाखवा. आणि मग ठरवा."

निघताना डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, "या जागचा दुधाचा दात वेळेवर पडला होता का?" अल्का क्षणभर थांबली. "पडला असंन," एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली. तेव्हा मला काही कळलं नाही. मीही नुकताच जन्मलेला.

खुशबूचे वडील रत्नपाल राइस मिलमध्ये मशीन चालवतात. त्यांनी मला उलटून पालटून पाहिलं आणि मोठ्या लोकांनी करावं तेच केलं, निर्णय आणखी मोठ्या माणसावर ढकलला. "बाबाले विचारू. सुट्ट्या लागल्याच आहेत." बाबा म्हणजे सेवकराम, खुशबूचे आजोबा, तिचे आबाजी. ते नवेगाव बांध या गावी राहतात, धानाची शेती करतात. त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, आणि नवीन गोष्टीला त्यांचा पहिला शब्द सहसा 'कायले?', म्हणजे 'कशाला?', हाच असतो.

असा मी स्टीलच्या डब्यात बसून एसटीने नवेगावला गेलो. रस्ताभर डब्यात माझे वरचे दात खालच्यांवर कडकड वाजत होते. शेजारच्या बाईला वाटलं, डब्यात फुटाणे आहेत. पण मला तो प्रवास आवडला. किती जबड्यांना असा मान मिळतो?

आबाजींच्या घरी पोचल्यावर कुणीतरी तो डबा अंगणातल्या चुलीजवळ ठेवला. आबाजींना वाटलं, सुनेने काहीतरी खायला आणलंय. त्यांनी झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरले.

"अवो अल्का! हे काय होय? एवढ्याशा पोरीले कवळी? माहे दात साठीत गेले, अन् हिचे आठव्याच वर्षी?"

"कवळी नाही जी मामाजी. खुशबूच्या दाताचा नमुना होय. मॅडमनं देल्ला."

सगळे हसले. आबाजीही हसले, आपली स्वतःची कवळी सांभाळत. पण अल्काने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तसं त्यांचं हसू ओसरलं.

"कायले पायजे हे सारं? दुधाचे दात पडतेत, नवे येतेत. माह्या पाच लेकरायचे आले, कोनाले तार लावली मी? सारे दात येऊ द्या, मंग पाहू. लेकराच्या तोंडात आतापासून लोखंड घालून राहिले तुम्ही लोकं."

रत्नपाल खाली मान घालून बसले. अल्का म्हणाली, "मॅडमनं आताच करा म्हटलं जी," पण तिचा आवाज अर्ध्यातच विरला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी बोलू शकलो असतो तर ओरडून सांगितलं असतं. पण मी तर डब्यात पडलेलं प्लास्टर. खुशबूच्या जबड्याचं पुढे काय होणार, ते या अंगणात ठरत होतं, आणि ते बिनसण्याच्या बेतात होतं.

तेवढ्यात खुशबूने मला उचललं. दवाखान्यात डॉक्टरांनी माझे दोन भाग जुळवून दाखवले होते, ते तिच्या ध्यानात होतं. एका हातात माझा वरचा भाग, दुसऱ्या हातात खालचा, अशी ती आबाजींच्या मांडीशी येऊन बसली.

"आबाजी, पाहा ना. मी असं तोंड बंद करते." तिने माझे दोन्ही भाग सरळ जवळ आणले. टक्. आतला दात खालच्यावर आपटला. मागच्या दाढा उघड्याच राहिल्या. "आता बंद होऊन नाही राहिलं ना? मग मी असं सरकवते." तिने खालचा भाग बाजूला ढकलला, तेव्हा कुठे दाढा मिटल्या. मग तिने तेच स्वतःच्या तोंडाने करून दाखवलं. हनुवटी उजवीकडे गेली. रोज समोर बसून जेवणारी पोरगी, पण आजवर ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

आबाजी पुढे वाकले. "पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. ते उठले आणि घराच्या दारापाशी गेले. तो दरवाजा मी आल्यापासून पाहत होतो. तो लावताना उचलून एका अंगाला ढकलावा लागतो.

"हे तं ह्या दरवाज्यावानीच झालं," ते हळूच म्हणाले. "उंबरठ्याचा गोटा वर आला होता. काढीन काढीन म्हटलं, अन् रोज बाजूले ढकलून लावत राहिलो. मंग एक दिवस गोटा काढला, तरी दरवाजा तिरपाच. बिजागरीच वाकून गेली होती."

माझ्या छातीत, म्हणजे जिथे ती असायला हवी तिथे, अभिमान दाटून आला. माझ्यावरूनच म्हाताऱ्याला ते कळलं होतं.

"पण काऊन गेला हा आत?" आबाजींनी विचारलं.

अल्काने पदर सावरला. खुशबू मात्र बोलून गेली.

"तो दुधाचा दात मी तुमच्यासाठी जपला होता ना आबाजी."

आता तुम्हाला हे सांगायला हवं. या घराची एक रीत आहे. लेकराचा पडलेला दात कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलावर, फेकायचा, म्हणजे नवा दात लवकर आणि बळकट येतो. घरातल्या सगळ्या लेकरांचे दात नवेगावच्या याच कवेलूंवर गेले. फुलचूरच्या घराला स्लॅब आहे. खुशबूचा तो दात पोळ्याच्या सुमारास हलू लागला, तेव्हा फोनवर आबाजी म्हणाले होते, "तिथं कायले पाडता? स्लॅबवर फेकला दात कोनाले लाभते? दिवाळीले इकडं येऊ द्या, मीच फेकीन." झालं. पोरीने तो दात तळहातावरच्या फोडासारखा जपला. त्या बाजूने चावणं बंद, ब्रश लावणं बंद. अल्कालाही वाटलं, मामाजींचा शब्द आहे, राहू दे. दात दिवाळीपर्यंत लटकत राहिला, नवेगावला येऊन पडला आणि मोठ्या थाटात कवेलूवर गेला. तोवर वरच्या हिरडीतून निघालेला नवा दात, समोरची वाट अडलेली पाहून, मागच्या बाजूने खाली उतरला होता. दवाखान्यात अल्का जे बोलली नव्हती ते हेच. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

आबाजी बराच वेळ छपराकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "मले काऊन नाही सांगतलं वो अल्का?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्यासोबत फुलचूरला आले. दवाखान्यात शिरताच त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"मॅडम, खरं सांगा. माह्यामुळं झालं काय हे?"

"काका, एकट्या तुमच्यावर घेऊ नका," डॉक्टर दुर्गेश्वरी म्हणाल्या. "तिथे जागाही थोडी कमीच होती. दुधाचा दात वाटेत बसून राहिला, त्याने भर घातली असेल. पण तुम्ही वेळेत आलात, हे महत्त्वाचं."

"अन् ही फट?"

"तिला काही करायचं नाही."

"लोकं मांगून राहिले, अन् तुम्ही नाही म्हणून राहिल्या?"

"गरज नाही, म्हणून नाही म्हणते."

आबाजींनी डॉक्टरांकडे नीट पाहिलं आणि तिथेच त्यांचा विश्वास बसला. जी बाई नको तिथे नको म्हणते, तिचं हो खरं असणार, हे त्यांनी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं.

मग खुशबूला काढता-घालता येणारी प्लेट मिळाली. टाळूला चिकटून बसणारी, बारीक तारेची, निळ्या रंगाची. रंग तिनेच निवडला होता. पहिले काही दिवस ती बोबडं बोलायची, लाळ गळायची, भात अर्धाच टाकून उठायची. एकदा रुमालात गुंडाळून ठेवलेली प्लेट कचऱ्यात गेली, ती अल्काने शोधून काढली आणि दोघी रडल्या. पण पोरगी चिवट निघाली. तीन आठवड्यांनी दात पुढे सरकताना दिसला आणि पोळ्याच्या आत तो खालच्या दाताच्या पुढे आला. डॉक्टरांनी आरसा धरला. खुशबूने तोंड मिटलं, हनुवटी जागच्या जागी राहिली, आणि ती हसली. चांगली फट दाखवत हसली. तिचं तिलाच कळलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी नवा ठसा घेतला. नवा जबडा माझ्यापेक्षा सरळ आहे हे मी मान्य करतो. तो दवाखान्यात राहिला. मला फेकून देणार होते, पण त्या दिवशी सोबत आलेले आबाजी म्हणाले, "ह्याले फेकू नका, घरी नेतो." आता मी फुलचूरच्या घरात, खुशबूच्या शाळेच्या बक्षिसाशेजारी फळीवर बसतो. माझ्या एका दाढेचा टवका उडालाय. आबाजी इथे आलेले असले आणि कुणी पाहुणे आले, की ते मला खाली काढतात आणि टक् करून दाखवतात. या वयात अशी नोकरी कुणाला मिळते?

तुम्हाला एकच विनंती करतो. लेकरू सात-आठ वर्षांचं झालं की एकदा त्याचं तोंड जाणत्या डॉक्टरला दाखवून आणा. ते म्हणतील, काही करू नका, तर तेही मोठ्या मनाने ऐका. करा म्हणाले तर रेंगाळू नका. आणि तुमचं लेकरू जेवताना हनुवटी कुठे जाते, ते जरा डोळे उघडून पाहा.

आता एवढंच सांगून थांबतो. गेल्या महिन्यात खुशबूची दुधाची दाढ हलू लागली. आबाजींना फोन गेला. दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले, खांद्यावर दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी जड घेऊन. गाठ सोडली तर आत त्यांच्या छपरावरचं एक जुनं कवेलू. वर गच्चीवर, जिन्याजवळच्या कोपऱ्यात, त्यांनी ते सिमेंट लावून बसवलं आणि लगेच परत गेले, धानाला पाणी द्यायचं होतं म्हणून.

परवा चपाती खाताना दाढ पडली. खुशबू जिना चढून धावली. वर कवेलूवर दात आपटल्याचा आवाज मला खालीही आला. मग तिने फोन लावला.

"आबाजी, पडली. आत्ताच फेकली."

"बस झालं बेटा," आबाजी म्हणाले. "आता नवीले वाट मोकळी."