सिलेंडरच्या पेटीचं कुलूप

माझ्या बापानं लग्न ठरवताना पोट्ट्याचं घर पाहिलं होतं. त्या घराले पुढं चाकं लागतील हे बिचाऱ्याले काय माहीत! रायपूरच्या गुढियारीत उभा जन्म भाड्याच्या खोलीत काढला, आणि म्हातारपणी आमच्या ह्याईनं एका शाळेची जुनी बस उचलून आणली. "इंदू, हे आपलं घर," म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

हे म्हणजे मारोतीभाऊ. भनपुरीत कोणालेही विचारा. बसची बॉडी बांधण्यात हयात गेली. रायपूर राजधानी झाली तेव्हा तं गाड्यांची अशी रांग लागायची की जेवाले फुरसत नसायची. आता काम सुटलं होतं, पण जुन्या मालकानं गॅरेजच्या मागची मोकळी जागा दिली, आणि तिथंच ह्याईनं ह्या बसचं घर केलं. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांले जाळ्या, सगळं स्वतः. पहिली फेरी माझ्या माहेरी, भंडाऱ्याले. "तुझ्या भावाच्या दारात तुले घरासकट उभी करतो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत सुटायचे. मी तोंडानं लय कटकट केली, पण हौस मलेही होती. खोटं काहून बोलू?

फक्त गॅसची लाईन राहिली होती. आणि मले भीती त्या गॅसचीच.

सकाळचा चहा ह्याईच्या हातचा, हे आमच्याकडं लग्नापासून. सासूनं नाकं मुरडली, शेजारणी हसल्या, ह्याईनं सोडलं नाही. पण आताशा हे गॅसचं बटन फिरवायचे, लायटर शोधायले जायचे आणि तिकडंच राहायचे. एकदा मी आंघोळ करून निघाले तं खोलीभर वास, आणि हे दारात बसून पेपर वाचून राहिले! मी अशी किंचाळले की घरमालकीण धावत आली. "काय झालं, इंदू?" असं हे मलेच विचारतात. डॉक्टर म्हणाले, हा विसराळूपणा आता वाढतच जाईल, गोळ्यांनी फक्त थोडा सावकाश वाढेल. निरंजनले, आमच्या पोराले, फोनवर सांगितलं. त्याले मराठी समजते, पण बोलते हिंदीत. "मम्मी, बस बेच दो और यहाँ आ जाओ." मी म्हणलं, बाबा रे, तुझ्या बापाचा जीव त्या बसमधी आहे, तो विकू काय?

मग फिटर आला, रामकृष्ण. तांब्याची नळी टाकताना हे त्याच्या डोक्यावर उभे. "पत्र्यातून नळी नेतो तिथं रबर बसव. घर हलत नाही, गाडी हलते. घासून घासून नळी कापली जाईल." शेवटी साबणाचं पाणी ह्याईनं स्वतः घेतलं आणि एकेका जोडावर लावून पाहिलं. कुठं बुडबुडा नाही. "पाहा इंदू, आहे काय कुठं गळती?" काय तो तोरा! ह्या माणसाले आपण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, असं त्या वेळी सांगितलं असतं तं रामकृष्णानं मलेच येडी म्हणलं असतं.

हे हात धुवायले गेले तसं मी त्याले बाजूले घेतलं. "भैया, असा एक कॉक लाव की जो फक्त मलेच उघडता येईल." तो माझ्या तोंडाकडं पाहत राहिला, मग ह्याईच्या पाठीकडं पाहिलं आणि म्हणाला, "हव, दीदी." सिलेंडर बसच्या मागं, बाहेरच्या पेटीत होतं. पेटीले तळाशी आणि पुढून जाळी, गॅस गळलाच तं खाली निघून जावा म्हणून. त्या पेटीत त्यानं मेन कॉक बसवला आणि दाराले कुलूप. चावी मी मंगळसूत्राले अडकवली.

बसमधली पहिली सकाळ. मी जागी झाले ती लायटरच्या आवाजानं. टिक, टिक, टिक. हे ओट्यापाशी उभे, भांड्यात पाणी, बर्नर थंडगार. "काल तं बरोबर होतं," पुटपुटले आणि नळीवर बोट ठेवून निघाले. ओट्याखालून, पलंगाखालून, दारातून खाली, मागच्या पेटीपर्यंत. ह्याईचं बोट चुकत नाही हो! कुलूप हातात धरून विचारलं, "हे कोणासाठी?"

मले खोटं सुचलं नाही. सांगून टाकलं, तुमच्यासाठी. तुम्ही गॅस सुरू करता आणि विसरता.

बसच्या पायरीवर बसले. गोऱ्या माणसाचं तोंड असं काळवंडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "चांगलं केलं. चावी मले देऊ नको, मी मागितली तरी." मी चहा केला. त्याईनं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टिक, टिक, टिक. पुन्हा बोट नळीवर. पुन्हा, "हे कोणासाठी?" कालचं काहीच डोक्यात नाही! मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तेच तोंड, तीच पायरी. जशी पहिल्यांदाच खबर ऐकली. अरे देवा, एका माणसाले एकच मार किती वेळा मारायचा? आणि तोही माझ्याच हातानं? त्या दिवशी मी भांडे आपटले, देवाले शिव्या दिल्या, डॉक्टरले दिल्या, निरंजनचा फोन उचलला नाही. काय उपयोग होता!

म्हणून तिसऱ्या सकाळी मी ठरवूनच उठले. लायटर वाजला तशी म्हणाले, "अहो, सिलेंडर संपलं. आणू आज."

"संपलं?" हे खाली उतरले. जाळीतून बोटं घालून सिलेंडरवर वाजवली, एकदा वर, एकदा खाली. "इंदू, हे तं भरलेलं आहे."

मी मंगळसूत्रावर पदर ओढला.

"आणि हे कुलूप कोणी लावलं?"

"मीच लावलं."

"काहून?"

काय सांगू? तेच पुन्हा? हे माझ्याकडं पाहत राहिले, आणि पाहता पाहता ह्याईचे डोळे भरले. जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इंदू, तुझ्या लक्षात राहत नाही काय आजकाल?"

'नाही' म्हणू शकत होते मी. दोन वेळा खरं बोलून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा ते तोंड पाहिलं होतं. म्हणलं, "हो. विसरते मी."

"मग मले काहून नाही सांगितलं? एकटीच भोगत राहिली?" मले हाताले धरून वर नेलं, पलंगावर बसवलं. "घाबरू नको. मी आहे नं."

किती दिवसांनी हे असे बोलले! मी पदर तोंडाले लावून रडले, आणि त्याईले वाटलं मी आपल्या आजाराले रडते. मनात म्हणलं, वाटू दे, उद्या तं विसरतीलच.

दुसऱ्या दिवशी लायटर वाजला नाही. डोळे उघडले तं हे माझ्या उशाशी बसलेले, माझा हात हातात. चहा विसरले होते. कुलूप विसरले होते. ओट्याकडं पाहून मलेच विचारलं, ही नळी कोणी टाकली? पण बाकी सगळं गेलं तिथं नेमकं हेच डोक्यात राहिलं, की इंदूले विसरायचा आजार झाला.

"उठू नको तू. तुले बरं नाही."

"अहो, भंडाऱ्याले जायचं आहे नं आपल्याले?" मी म्हणलं. "उद्या ड्रायव्हर येऊन राहिला."

"नाही म्हणून सांग त्याले. तुले अशा हालतीत घेऊन मी कुठं जाऊ? गाडी कुठं पळून जाते? तू बरी झाली की जाऊ."

दिवसभर सांगितलं, मी बरी आहे, मले काही नाही झालं. हे मान हलवतात, माझं पांघरूण नीट करतात आणि डोळे पुसतात. रोज तेच चालू आहे. मी बरी झाली की बस निघणार. मले काही झालंच नाही, तं मी बरी कशी होऊ?