बंद व्हॉल्व्ह आणि भिजलेले दाजी

बारक्या हे लिहून ठेवणारच नव्हता. गोष्ट दाजींपर्यंत आली की त्याला हसू फुटायचं, बोटं भलतीच अक्षरं दाबायची आणि सगळं पुसून टाकावं लागायचं. शेवटी एकदाचं पोट धरून हसून घेतलं आणि बसला टाइप करायला.

तर. ताईची विणायची शेड. हवा कोरडी पडली की सूत पटापट तुटतं, सूत तुटलं की माग थांबतो, माग थांबला की विणकर ताईकडे बघतात आणि ताई छताकडे. दाजींचं म्हणणं एकच, "कशाला जीव काढतेस? गोदामवाला मागेच लागलाय, देऊन टाक शेड." ताई तशी हट्टी, पण तीही थकली होती.

"बारक्या, शुक्रवारपर्यंत इथे धुकं आण," ती म्हणाली. "नाहीतर मी गोदामवाल्याला हो म्हणते. मग मला दोष देऊ नकोस."

हवा दमट ठेवणाऱ्या धुक्याला पाणी लागतं किती? मिनिटाला जेमतेम अर्धी बादली. पण ते छताखालच्या नोझलच्या केसाएवढ्या भोकांतून काढायचं, सत्तर बारने. गाडीच्या चाकात हवा असते ना, तिच्या तीसपट दाब!

बारक्याचा जिवलग दोस्त पंप बसवायचा. खिशात कंगव्याऐवजी पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणायचे. पानाने आपला नेहमीचा सेंट्रिफ्यूगल आणला. आत पंखे फिरतात, पाणी फेकतात. पाणी कमी हवं म्हणून व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला, तर पाणी आतच गरागरा फिरून तापत बसलं. बारक्याने पंपाला हात लावला आणि चटका बसून नाचला. वर नोझलमधून धुकं कुठलं, सर्दी झाल्यासारखे थेंब! तेही ताईच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर.

"अरे, याला भरपूर पाणी लागतं," बारक्या म्हणाला. "घोटभर पाणी जोरात ढकलायला दट्ट्या हवा. इंजेक्शनमध्ये असतो तसा. प्लंजर पंप."

"मला पंप शिकवतोस? मोबाईलवर बघून?"

"हो, मोबाईलवर बघूनच!"

पाना फुगला. पण शुक्रवारी आला, कारण बारक्याला एकट्याला तो पंप उचलवेना. गाड्या धुवायच्या एका बंद पडलेल्या सेंटरमधून आणलेला, तीन दट्ट्यांचा, ठेंगणा आणि भयंकर जड. दाब हाताबाहेर गेला तर सोडून द्यायला त्यावर रिलीफ व्हॉल्व्ह होता. त्याचं तोंड टाकीकडे वळवायचं राहिलं होतं. आणि त्या तोंडासमोरच दाजी हाताची घडी घालून उभे राहिले, गंमत बघायला.

आता पानाचा हात. सेंट्रिफ्यूगल चालू करताना पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, मग हळूहळू उघडायचा, हे त्या हाताला इतकं पाठ की डोक्याला विचारायची गरजच नाही. हात गेला, व्हॉल्व्ह बंद झाला, दुसऱ्या हाताने बटण दाबलं. बारक्या वर नोझलकडे बघत होता.

दट्ट्याला आतल्या आत फिरत बसणं ठाऊक नाही. घेतलं ते ढकलणार. गेजचा काटा टुणकन उडाला, रिलीफ व्हॉल्व्हने किंकाळी फोडली आणि पाण्याचा फवारा थेट दाजींच्या मिशीत!

"अगं आई गं! बंद करा! अरे कुणीतरी बंद करा!"

"उघड!" बारक्या ओरडला. "पाना, व्हॉल्व्ह उघड!"

पाना पुतळा. बारक्याने फवाऱ्याखालून सूर मारला, चिंब झाला आणि व्हॉल्व्ह उघडला. किंकाळी थांबली. वर बारीक सुस्कारा... आणि धुकं! पांढरं, मऊ, खाली यायच्या आधीच हवेत विरणारं. विणकरांनी एकेक करत माग चालू केले. खडाखड, खडाखड. सूत तुटेना! ताईने कापडावर तळवा फिरवला. कोरडं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"अहो, गोदामवाल्याला नाही म्हणून कळवा," ती कशीबशी म्हणाली. "आणि आधी डोकं पुसा."

शेवटी दाजीही हसले. न हसून करतात काय, मिशी गळत होती.

पाना मात्र बाहेर पायरीवर तोंड पाडून बसला होता. बारक्या त्याला खेटून बसला.

"सगळ्यांदेखत नाक कापलं माझं," पाना म्हणाला.

"तुझा हात बरोबरच होता रे. पंप वेगळा होता."

"शेजारच्या रंगवाल्याला तळघरातलं पाणी उपसायचंय. मला विचारत होता. आता तुलाच विचारेल."

"किती पाणी?"

"गुडघाभर."

"आणि चढवायचं किती?"

"एक जिना."

"मग तिथे माझा दट्ट्या महिनाभर ठुकठुक करत बसेल. तिथे तुझाच पंप." बारक्याने त्याच्या ओल्या खांद्यावर आपला ओला हात टाकला. "तू निवडायचा, तू बसवायचा, तुझ्या पद्धतीने चालू करायचा. मी नुसता पाईप धरणार. एक शब्द बोललो ना, तर त्याच तळघरात ढकल मला. शप्पथ."