सावडीचं टेबल

अद्वयला मी कॉलेजपासून ओळखते, म्हणूनच फसले. परक्या माणसाचा कागद मी तीनदा वाचते. त्याचा एकदाही धड वाचला नाही.

कापूरहोळजवळ त्याच्या पंपांच्या कंपनीचं मुख्य कार्यालय बांधायचं होतं. "माणसं एकमेकांच्या मदतीला उठून गेली पाहिजेत, चैत्राली. भिंती नकोत," तो म्हणाला. भोरसारख्या गावातली मी आर्किटेक्ट; मला आभाळ ठेंगणं झालं. त्या पावसाळ्यात मी पासली गावी गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसले. तिथे भाताची लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळी घरं एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. तेच मी कागदावर उतरवलं. मधून एक लांबलचक वळणाचं टेबल काढलं. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, पण दुसऱ्याकडे जायला चार पावलं पुरेत.

गेनबांची लेक मंगल भोरच्या एका शाळेत कारकून होती, कायम होण्याच्या बेतात. कार्यालय उभं राहिल्यावर मीच तिला ती नोकरी सोडायला लावली आणि अद्वयच्या तक्रार विभागात चिकटवली. गेनबांनी एवढंच विचारलं, "तुमी हाय नव्हं तितं?" मी छाती फुगवून हो म्हटलं.

आठ महिन्यांनी मंगलच्या हातात पत्र पडलं. जागेवर उपस्थिती एकेचाळीस टक्के. महिनाभरात नव्वद झाली नाही तर नोकरी संपली.

मी तडक अद्वयच्या केबिनमध्ये घुसले. हो, भिंती नकोत म्हणणाऱ्याने स्वतःला केबिन करून घेतली होती. "तुझ्या पुण्याच्या पोरांना शेतकऱ्याचं बोलणं कळत नाही," मी म्हटलं. "फोन आला की ती मंगलला हाका मारतात. ती दिवसभर त्यांच्याच खुर्च्यांपाशी उभी असते."

"असेल. पण मशीनला खुर्ची दिसते, मदत दिसत नाही," तो शांतपणे म्हणाला.

"कसलं मशीन?"

त्याने माझाच नकाशा पुढे सरकवला. त्यावर त्याने जोडलेला कागद: प्रत्येक खुर्चीखाली सेन्सर, आणि खाली माझी सही. माणूस उठला की तिथला पंखा बंद होईल, वीज वाचेल, असं तेव्हा त्यानेच सांगितलं होतं. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. आता त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

"मी एकदा तिला समजावते," एवढंच मी बोलले. भांडले नाही. मंगलची नोकरी त्याच्या हातात होती.

बाहेर मंगल खुर्चीच्या कडेला बसली होती. मी वाकून हळू आवाजात म्हटलं, "महिनाभर जागेवरून उठू नकोस."

"आन् कुनी बोलावलं तर?"

"तरी नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या गावात जाऊन काय बघून आले होते, ते तिला चांगलं ठाऊक होतं. "आमच्याकडं असं कुनी करत न्हाई, ताई," ती म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरून पुण्याच्या नूतनने फोनवर हात ठेवून हाक मारली, "मंगल, ये ना गं, हे आजोबा काय म्हणतायत बघ."

मंगल अर्धी उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.