पाच कप्प्यांचा खोका

मी एक खोका बोलतोय. कन्नड मुलखातल्या यशवंतपूरच्या एका कारखान्यात मला पुठ्ठ्यातून कापलं, दुमडलं आणि पोटात हातमोजे भरून हेब्बाळच्या एका इस्पितळात पाठवलं. आठवड्याभरात मी रिकामा झालो. रिकाम्या खोक्याला माणसं पायानं चेपतात आणि रद्दीत टाकतात. मला मात्र प्रियदर्शनीनं उचलून खोलीवर नेलं.

प्रियदर्शनी निपाणीची. इस्पितळात नर्स होती आणि जर्मनीतल्या नोकरीसाठी जर्मन शिकत होती. मी तिच्या खोलीवर आलो त्याच दिवशी तिचा निकाल लागला. तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती.

"सगळे शब्द पाठ होते गं अक्का," ती महानंदाला सांगत होती. "कुठल्या पानावर, कितव्या ओळीत, तेसुद्धा आठवत होतं. पण समोरच्या बाईंनी विचारलं आणि तोंडातून शब्दच फुटेना."

महानंदा मूळची अथणीची, त्याच इस्पितळात आया. दोघी एका खोलीत राहायच्या. "मग आणखी एकदा बस की," ती म्हणाली.

"एकदाच बसता येईल. नाही जमलं तर माझी जागा दुसरीला देणार."

पुढच्या रविवारी प्रियदर्शनीनं माझी झाकणं कापून माझ्या पोटात पाच कप्पे केले. ही युक्ती जर्मनच्या वर्गातल्या सरांची. एका चिठ्ठीवर एकच शब्द. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, ती रोज विचारायची. बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, म्हणजे जरा जास्त दिवसांनी विचारायची. चुकली की पुन्हा पहिल्यात. पाचव्या कप्प्यापर्यंत पोचलेला शब्द सहसा परका राहत नाही.

चिठ्ठीच्या एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला जर्मन शब्द. महानंदाला तपासता यावं म्हणून खाली कन्नड अक्षरांत उच्चारही. चित्रं मात्र सगळी घरची. 'ट्यूर' म्हणजे दार, म्हणून दारात अडकलेलं तुरीच्या डाळीचं पोतं. 'हाल्स' म्हणजे घसा, म्हणून घशाचे हाल झालेला माणूस. 'तासं' म्हणजे कप, म्हणून कप पुढ्यात घेऊन तासभर गप्पा मारणारी महानंदा. ते चित्र बघून महानंदा रुसली आणि मग इतकी हसली की तिच्या हातातला चहा माझ्यावर सांडला. तो डाग अजून आहे. शंभरदा घोकलेलं विसरणारी ही माणसं, एकदा पोट धरून हसली की ते मात्र विसरत नाहीत.

एका शब्दापाशी प्रियदर्शनीचं पेन थांबलं.

"काय झालं गं?" महानंदानं विचारलं.

"उशीला 'किसन' म्हणतात."

किसन हे प्रियदर्शनीच्या वडिलांचं नाव. ते तंबाखूच्या वखारीत कामाला होते. धुळीनं छाती गेली. शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं पडता येत नव्हतं. पाठीशी उशा रचून ते बसल्या बसल्याच डोळा लावायचे. त्या उशा रचायची प्रियदर्शनी. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"हा शब्द राहू दे," ती म्हणाली. "तसाही मी तो विसरणार नाही."

"विसरणार नाहीस, पण बोलशील का?" महानंदानं कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. "चित्रात तरी आडवं झोपव की त्यांना. निवांत."

प्रियदर्शनी बराच वेळ चित्र काढत होती. उशीवर डोकं टेकून, पाय लांब करून झोपलेला माणूस. चेहरा नीट जमला नाही, पण झोप छान जमली होती. तिनं डोळे पुसले आणि चिठ्ठी पहिल्या कप्प्यात ठेवली.

दोन महिन्यांनी परीक्षा झाली. मी फळीवरच होतो. ती परत आली तेव्हा चपला न काढताच बोलू लागली. परीक्षक बाई पेशंटचं सोंग घेऊन बसल्या होत्या. आडवं पडलं की दम लागतो, म्हणत होत्या. "अक्का, क्षणभर बाबाच दिसले. मग म्हटलं, तुम्हाला आणखी एक किसन देऊ का? आणि पुढचं सगळं येत गेलं!"

ती पास झाली. जर्मनीला निघताना तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा बॅगेत भरला आणि रिकामा मी महानंदाच्या हातात दिला.

आता प्रियदर्शनीच्या खाटेवर नागपूरची मुग्धा राहते. तीही नर्स. पहिल्याच आठवड्यात एक आजी कानाला हात लावून कन्नडमध्ये काही सांगत होत्या आणि ही गोंधळून दुसऱ्या नर्सला बोलवायला पळाली. त्या संध्याकाळी महानंदानं मला खाली काढलं. कन्नडमध्ये कान म्हणजे 'किवी'. मुग्धानं कानाला किवीचं फळ लोंबकळवलं. 'हल्लु' म्हणजे दात, म्हणून हलणारा दात.

काल मुग्धानं त्या आजींजवळ जाऊन कान दुखतो का ते विचारलं, "अज्जी, किवी नोवा?" आजी इतक्या खूश झाल्या की दहा मिनिटं कन्नडमध्ये बोलत राहिल्या. मुग्धाला त्यातलं स्वल्पच कळलं. पण ती तिथून हलली नाही.

माझे कोपरे फाटलेत, ते चिकटपट्टीनं धरून ठेवलेत. तरी पाचही कप्पे शाबूत आहेत. तुमच्याही घरात असा एखादा खोका रिकामा होईल. चेपण्याआधी आत डोकावून बघा. आणि परका शब्द भेटला तर त्याला नुसतं घोकू नका, घरातल्या कुणाशी तरी त्याची गाठ घालून द्या.

बरं, जिन्यात पावलं वाजतायत. मुग्धाची ड्यूटी संपली. आज तिला पोटाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते शिकायचंय, आणि चित्रात कुणाचं काढायचं यावर दोघींचं सकाळपासून भांडण चाललंय.