बोरकुणीचे न येणारे वाचक

एकच संशोधन दोघांनी करणं हा मानवजातीच्या वेळेचा अपव्यय आहे, असं विद्यापीठाच्या पीएचडी नियमावलीत तिसऱ्या पानावर छापलेलं आहे. सातव्या पानावर तेच वाक्य पुन्हा छापलेलं आहे.

नागेशनं दोन्ही पानं वाचली होती. हुमनाबादच्या एका खाजगी महाविद्यालयात तो सतरा वर्षं सहायक ग्रंथपाल होता. ग्रंथपालाची जागा तेवढीच वर्षं रिकामी होती, त्यामुळं तो नेमका कुणाचा सहायक हे संस्थेलाही सांगता येत नव्हतं. पीएचडी झाली की ती जागा त्याची. बायको संध्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती अधूनमधून म्हणायची, "सतरा वर्सं झाली, कुणाला साह्य करायलाव ते एकदा कळू तरी द्या."

ग्रंथालयशास्त्रातला त्याचा विषय होता 'सीमाभागातील ग्रामीण वाचनालयांतील वाचकांच्या वाचनसवयी : बोरकुणी गावाच्या विशेष संदर्भात'. हा विषय देशात अन्यत्र कुठंही चालू नाही, असं स्वतःच्या सहीचं घोषणापत्र तीस तारखेच्या आत द्यायचं होतं. नाही दिलं तर नोंदणी रद्द. मुदतवाढ दोनदा मिळून गेली होती. एकदा वडील आजारी पडले म्हणून, एकदा ते बरे झाले म्हणून.

देशभरातल्या चालू संशोधनाची नोंद ठेवणारं एक संकेतस्थळ आहे. नागेशनं त्यात बोरकुणी शोधलं. उत्तर आलं, शून्य. त्यानं सीमाभाग शोधला, वाचनसवयी शोधल्या, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत शोधलं. शून्य. काम चालू असताना ते चालू आहे असं कळवायची पद्धत अजून फारशी रुळलेली नाही. पण शून्याचा छापील कागद फायलीला लावायला बरा दिसतो. आता सहीच करायची राहिली होती. मार्गदर्शक डॉ. प्रभुलिंग म्हणाले, सहीच्या आधी एकदा गावात जाऊन ये, चाळीसेक प्रश्नावल्या भरून आण, म्हणजे विषयाला वजन येतं.

बोरकुणी हुमनाबादहून दुबलगुंडीच्या पुढं आहे. बस सकाळी दहाला जाते आणि दीडला परत येते. वाचनालय बसथांब्यासमोरच. आसपासच्या गावांतली वाचनालयं नागेशनं आधी पाहिली होती. म्हणजे त्यांची कुलपं पाहिली होती. बोरकुणीचं मात्र उघडं होतं, झाडलेलं होतं, आणि ते सांभाळणारे तात्याराव दारातच उभे होते. साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं.

"या सर. लांबून आलाव. साखरंचा का बिनसाखरंचा?"

चहा येईपर्यंत बाकांवर माणसं येऊन बसली. कुणी बोलावलं होतं असं दिसलं नाही. नागेशनं प्रश्नावल्या वाटल्या आणि प्रश्न कसे सोडवायचे ते सांगायला घसा साफ केला. तोवर पहिल्या बाकावरच्या राजूबाईंनी तिसरं पान गाठलं होतं. त्या सत्तरीच्या होत्या आणि वाचनालयाच्या एकमेव नियमित महिला वाचक होत्या, कारण गावातला चालणारा पंखा तिथंच होता.

"ह्येला पाचच पर्याय हायत व्हय?" राजूबाई म्हणाल्या. "मागच्या बाईच्याला सात होते."

तात्याराव मोठ्यानं खोकले.

"मागच्या कोणत्या बाई?" नागेश म्हणाला.

"जनगणनेच्या असतील," तात्याराव म्हणाले. "तुमी चहा घ्या. म्हातारीचं काय मनावर घेतलाव."

मागच्या बाकावर धनराज नावाचा पस्तिशीचा माणूस प्रश्न न वाचताच खुणा करत होता. नागेशनं विचारलं तर म्हणाला, "सर, वाचनालय आवडतंय का हे चौथ्याला असतंय. सुविधा पुरेशा हायत का हे नवव्याला. तुमी काळजी करू नका, सगळं 'उत्तम' करून देतो."

चाळीस प्रश्नावल्या अकरा मिनिटांत भरून झाल्या. नागेशला आनंद व्हायला हवा होता. तो मात्र राजूबाईंच्या 'मागच्या बाई' आठवत कागद पुन्हा मोजू लागला.

तात्यारावांनी भेटवही पुढं केली. कोरं पान उघडून, आधीच्या पानांवर आपला तळहात ठेवून. नागेशनं नाव, गाव, विषय, फोन नंबर लिहिला. पुढं रकाना होता, 'काम : चालू / संपलं'. शेवटचा रकाना, 'चहा'. तात्याराव कप विसळायला मागं गेले आणि नागेशनं पान उलटलं.

आधीच्या पानावर उदगीरच्या पल्लवी होत्या. विषय, सीमाभागातील वाचकांच्या सवयी, बोरकुणी. त्याआधी भालकीचे अंकुशराव. त्याआधी कलबुर्गीचे प्रशांतकुमार. त्याआधी जहिराबादचे एक, औरादचे एक, लातूरचे दोन, मग आणखी चार. तीन वर्षांत अकरा जण. प्रत्येकाला स्वतंत्र पान. सगळ्यांच्या विषयात बोरकुणी, आणि सगळ्यांचं काम चालू. काम चालू असल्याच्या तारखा वेगवेगळ्या शाईत दर सहा महिन्यांनी लिहिलेल्या होत्या.

"फोन करून इचारतो मी," मागून तात्याराव म्हणाले. पकडले गेल्यासारखे ते दारात उभे होते. "माणूस एवढे कागद भरून नेतंय, पुढं त्येचं काय झालं, जिवाला लागून राहतंय. सगळे म्हणत्यात, चालू हाय."

"तात्याराव, हे सगळे एकच काम करायलेत. तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?"

"कसं सांगू सर? घरी जेवायला बसलेल्या माणसाला, कालबी एक जण ह्याच पाटावर बसून जेवून गेला, असं म्हणतंय का कुणी? ह्यो उठून जाईल की."

ज्ञानाच्या व्यवहारात शिष्टाचाराला काय जागा आहे, याचा नागेशनं याआधी विचार केला नव्हता. बसमध्ये करायला वेळ होता. देशाला जे जमलं नाही ते तात्यारावांनी दोनशे पानी वहीत केलं होतं, आणि ती तळहाताखाली झाकून ठेवली होती.

घरी पोचायच्या आत त्यानं वहीतून टिपून घेतलेल्या नंबरावर पल्लवींना फोन केला. ग्रंथपालाची खोड, दुहेरी नोंद दिसली की हात शिवशिवतो. पल्लवी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या, आणि तेच घोषणापत्र त्यांनी मागच्या वर्षी सही करून दिलं होतं. त्यांनी नागेशला त्याचं शीर्षक दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "बाकीच्या दहांचे नंबर पाठवा."

दुसऱ्या दिवशी नागेश प्रभुलिंग सरांकडं गेला. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते जाऊ दे," सर म्हणाले. "तू पान कामून उलटलास?"

"सर, मला शंका आली."

"शंका प्रस्तावनेत लिहायची असतीय. आता तुला माहीत झालंय. माहीत असताना सही केलास तर खोटी. कालपर्यंत केली असतास तर खरी होती. आणि वर अकरा जणांना सांगून बसलास."

"एकालाच सांगितलं सर. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं."

"तीस तारखेला चार दिवस हायत," सर म्हणाले आणि दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध उघडून वाचू लागले. ते सहसा प्रबंध वाचत नसत, त्यावरून नागेशला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

सत्तावीस तारखेला बारा संशोधक बोरकुणीच्या वाचनालयात जमले. सगळे दहाच्या बसनंच आले, पण बसमध्ये एकमेकांना ओळख न देता. बाकं पाहुण्यांना मोकळी करून देऊन नेहमीचे वाचक बाहेर ओट्यावर बसले. तात्याराव प्रत्येकापुढं कप ठेवताना मान खाली घालत होते. कुणाला साखरेचा, कुणाला बिनसाखरेचा, हे मात्र त्यांनी एकालाही विचारलं नाही.

आधी अर्धा तास पहिलं कोण आलं यावर गेला. अंकुशराव म्हणाले, विषय त्यांना झोपेत सुचला होता. प्रशांतकुमार म्हणाले, तो त्यांच्या मार्गदर्शकांनाही सुचला होता, जागेपणी. शेवटी पल्लवींनी फळ्यावर रेघा मारल्या.

"सगळ्यांची नोंदणी वाचवायची असली तर गाव वाटून घ्यावं लागंल. विषय थोडा बदलून सगळे कळवू, त्याला परवानगी असते. सभासद किती, तात्याराव?"

"त्रेसष्ट."

वाटणी सुरू झाली. विद्यार्थी वाचक एकाला गेले, शेतकरी वाचक दुसऱ्याला. फक्त वर्तमानपत्र वाचणारे तिसऱ्याला. पुस्तक नेऊन परत न आणणारे प्रशांतकुमारांना मिळाले, तो मोठा गट होता, त्यावरून थोडी कुरबुर झाली. ज्येष्ठ महिला वाचक अंकुशरावांच्या वाट्याला आल्या.

"ज्येष्ठ महिला म्हणजे राजूबाई एकट्याच की," अंकुशराव म्हणाले.

"त्याला सखोल अभ्यास म्हणतात," पल्लवी म्हणाल्या.

ओट्यावरून राजूबाई म्हणाल्या, "माझ्यावर आख्खं पुस्तक का? मग ह्येला जरा चांगल्या कपड्यात यायला सांगा."

अकरा वाटे पडले आणि त्रेसष्ट सभासद संपले. नागेश सगळ्यात शेवटी आलेला, त्याच्या नावापुढं फळ्यावर काहीच नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडं सहानुभूतीनं पाहिलं आणि परतीची बस किती वाजता, ते विचारू लागले. सतरा वर्षं, दोन मुदतवाढी, चाळीस प्रश्नावल्या. संध्याला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

तात्याराव कप गोळा करत होते. ते हळूच म्हणाले, "सर, गावात साडेतीन हजार माणूस हाय. त्येतले त्रेसष्ट हितं येत्यात. बाकीचे कुणीच घेतले न्हाईत बघा."

अकरा जणांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी पश्चात्ताप दिसला. नागेशनं उठून स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिलं : 'न येणारे वाचक'.

एकोणतीस तारखेला त्यानं घोषणापत्रावर सही केली. ती खरी होती. प्रभुलिंग सरांनी शीर्षक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वाचकांवर सगळेच करतात. हे नवीन हाय." पेढे आणायला संध्याला सांगावं का, असा विचार नागेशनं केला. पण "आता न येणाऱ्यांना साह्य करायलाव व्हय," असं ती म्हणेल हे ओळखून त्यानं तो सोडून दिला.

पुढच्या रविवारी तो नव्या चाळीस प्रश्नावल्या घेऊन बोरकुणीत उतरला. पहिलं घर ईरण्णांचं. पन्नाशीचे, मोटारी दुरुस्त करणारे गृहस्थ; घर वाचनालयाच्या अगदी समोर, मध्ये फक्त रस्ता. कोनाड्यात पुस्तकांची चळत होती, मराठी आणि कन्नड मिसळून.

वाचनालयात न येण्याचं कारण, असा पहिला प्रश्न होता. वेळ नाही, आवड नाही, वाचता येत नाही, वाचनालय लांब आहे, इतर.

"आवड लई हाय की," ईरण्णा म्हणाले. "दोन वर्सं रोज जायलतो. पेपर उघडून बसलं की कुणीतरी यायचं आन् हातात फॉर्म द्यायचं. चष्मा लावला की फॉर्म. मग म्हणलं, मरू दे, घरीच वाचू. ह्या गल्लीतले समदे तसेच हायत सर. ह्यो कुठला, सहावा का सातवा?"

नागेशनं 'इतर'पुढं खूण केली. दीडची बस येईपर्यंत चाळीसपैकी बत्तीस प्रश्नावल्यांवर 'इतर'पुढं खूण होती.

त्यानं सरांना फोन लावला.

"इतर धरत नसतात," प्रभुलिंग सर म्हणाले. "पहिल्या चारावर टक्केवारी काढ."

प्रबंध चौदा महिन्यांनी मंजूर झाला. उरलेल्या आठ प्रश्नावल्यांनुसार, बोरकुणीचे बहुसंख्य लोक वाचनालयात येत नाहीत, कारण ते लांब आहे.