चार नावांची प्रार्थना

मित्रांनो, जबलपूरला मदन महालकडून गोरखपूर नावाच्या बाजाराकडे येताना एक लहान चर्च लागते. आत समोरच, दोन पायऱ्यांच्या वर, छातीइतका उंच लाकडी कठडा आहे. त्याच्यावर पुस्तक ठेवायला तिरकी फळी आहे. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, त्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात. तो कठडा म्हणजे मी. पुस्तकी भाषेत मला उपदेशपीठ म्हणतात. आमची मंडळी, म्हणजे इथे उपासनेला येणारी माणसे, मला पुलपिट म्हणते. मला ते नाव आवडते.

साठ वर्षांपूर्वी मुरलीधर भालेराव यांनी मला घडवले. ते जालन्याकडचे. इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात सुतार होते. आठवडाभर कारखान्याचे काम आणि शनिवारी दुपारी माझे. रविवारी ते रंध्याला हात लावत नसत, म्हणून मला पुरे व्हायला एक पावसाळा आणि एक हिवाळा लागला. लाकूड सागाचे. कडेला त्यांनी द्राक्षवेल कोरली. द्राक्षे अंमळ मोठी झाली आणि बोरांसारखी दिसू लागली. लहान मुले अजूनही मला बोराचे झाड समजतात.

पुढची कित्येक वर्षे माझे चांगले चालले. सकाळी आठला मराठी उपासना, दहाला हिंदी. लग्ने, बाप्तिस्मे, अंत्यविधी, सगळे माझ्यासमोर झाले. मग मराठी घरे कमी झाली. कोणी नागपूरला गेले, कोणाची मुले पुण्याला. तशात एक चकचकीत पारदर्शक प्लास्टिकचे स्टँड आले आणि मला मागच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे मी जुन्या सतरंज्या आणि नाताळच्या चांदण्यांचे सांगाडे यांच्यात दोन वर्षे काढली. एका पायाला वाळवी लागली.

मला बाहेर काढले शकुताईंनी. या मुरलीधरांच्या सूनबाई. रेल्वेत टेलिफोनवर नोकरी करून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांचे पती देवीदास वारले, त्यानंतर त्या दर शनिवारी चर्च झाडायला येऊ लागल्या. मला पाहून म्हणाल्या, "बाबांच्या हातचं आहे आणि इथं सडून राहिलं काय?" त्यांनी पाय बदलून घेतला आणि मी पुन्हा माझ्या जागी आलो. त्या मंडळीच्या पंचांपैकी एक होत्या. पंच चर्चचा कारभार पाहतात आणि दर दोन वर्षांनी निवडले जातात.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आमच्या मंडळीचे कब्रस्तान वस्तीच्या टोकाला, एका नाल्याच्या काठी आहे. एका पावसाळ्यात नाला फुगला आणि कब्रस्तानाची भिंत पडली. डुकरे आत शिरू लागली. कडेच्या कबरींची माती ढासळली. त्यांत देवीदासांचीही कबर होती. शकुताईंनी दगड आणून तिचा कोपरा धरून ठेवला. पण दगड किती पुरणार? वॉर्डाच्या दफ्तरात तीन वर्षे अर्ज गेले. कोणी पाहायलाही आले नाही.

तेवढ्यात शहराच्या निवडणुका लागल्या. आमच्या वॉर्डात चार उमेदवार होते. त्यांपैकी आलोक भैयांचा माणूस एका शुक्रवारी दुपारी चर्चमध्ये आला. आमचे पाळक आल्हाद रणभिसे तेव्हा चौतिशीतले, मंडळीत नवे. तो माणूस माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "पादरी जी, आपके पास डेढ़ सौ वोट हैं. रविवार को यहीं से एक बार भैया का नाम बोल दीजिए. दीवार एक महीने में खड़ी हो जाएगी."

पाळकांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तो गेल्यावर ते पहिल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. आमचे पाळक लोभी नव्हते, मित्रांनो. आदल्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः गुडघाभर चिखलात उभे राहून एक दफनविधी केला होता. त्यांना भिंत हवी होती, आणि मंडळीसाठीच हवी होती.

शनिवारी त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि रिकाम्या चर्चमध्ये त्या वाचून पाहू लागले. शकुताई मागे खिडक्या पुसत होत्या. त्यांनी सगळे ऐकले.

"हे काय वाचून राहिले, पाळकसाहेब?"

पाळक दचकले. मग त्यांनी सगळे सांगितले आणि म्हणाले, "मावशी, ही भिंत झाली तर सगळ्यांत जास्त समाधान तुम्हालाच. काकांची कबर..."

"म्हणूनच मी नको म्हणून राहिली." शकुताई फडके हातात घेऊन पुढे आल्या. "आपल्या मंडळीतली हर्षा दुसऱ्या उमेदवाराला, विनीताबाईंना, मत देणार आहे. त्यांनी तिच्या गल्लीत नळ आणला. उद्या तुम्ही इथून आलोक भैयांचं नाव घेतलं, तर ती काय करील? इथून बोललेलं लोक देवाचं समजतात जी. तिनं विनीताबाईंना मत दिलं तर तिला वाटेल, मी पाप केलं. आणि आलोक भैयांना दिलं तर ते तिचं मतच नाही. माझ्या नवऱ्याच्या कबरीसाठी मी तिच्या मनात अशी भीती काहून घालू?"

पाळक वैतागले. "मग मंडळीनं करायचं तरी काय? तुमचे सासरे म्हणतात, विश्वासी माणसानं मतच देऊ नये. तुम्ही म्हणता, सांगूच नये. आणि तिकडे डुकरं कबरी उकरताहेत!"

मुरलीधरांचे ते म्हणणे सगळ्या मंडळीला ठाऊक होते. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांनी एकदाही मत दिले नव्हते. कोणी विचारले तर म्हणत, "लोक प्रभू येशूला राजा करायला आले, तेव्हा तो उठून डोंगरावर निघून गेला. मग मी कोणाला राजा करायला जाऊ?" आणि मतदानाच्या दिवशी ते घरी बसून करवत घासत.

शकुताई म्हणाल्या, "मंडळीनं प्रार्थना करायची आणि आपापल्या पायानं केंद्रावर जायचं. त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला एकच माणूस उभा राहतो, पाळकसाहेब. तिथं तो आणि त्याचा देव. तिसऱ्यानं डोकावू नये, मग तो पाळक का असेना."

पाळकांनी कागदाची घडी केली आणि माझ्या फळीवर, गीतांच्या पुस्तकाखाली ठेवून ते गेले.

रविवारी चर्च भरले होते. आलोक भैयांचा माणूस शेवटच्या बाकावर येऊन बसला. मुरलीधर नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर, काठी गुडघ्यांत धरून. घडी केलेला कागद माझ्यावर तसाच होता. पाळकांनी काय ठरवले आहे ते मला कळेना, आणि मला वाटते त्यांनाही कळत नव्हते.

उपदेशाआधी सगळ्यांसाठी प्रार्थना असते. त्या दिवशी ती पाळी शकुताईंची होती. त्या दोन पायऱ्या चढून माझ्यामागे आल्या. पुस्तकाखालून डोकावणारे कागदाचे टोक त्यांनी पाहिले. त्याला हात लावला नाही. दोन्ही हात माझ्या कडेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. आजाऱ्यांसाठी मागितले, परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी मागितले. मग म्हणाल्या,

"हे पित्या, बुधवारी आमच्या वॉर्डात मतदान आहे. आलोक, पायल, विनीता आणि अश्वजीत हे चौघे उभे आहेत. चौघेही तुझी लेकरं आहेत. त्यांना खरं बोलायची बुद्धी दे. जो निवडून येईल त्याला गरिबाचं दार विसरू देऊ नको. जे हरतील त्यांच्या घरी शांती दे. आणि आम्हाला, प्रभू, भीतीनं किंवा लालचेनं बटण दाबू देऊ नको. आमच्या कबरी तुझ्या हाती आहेत. आमेन."

मंडळीचे आमेन एकदम आले नाही. आधी हर्षाचे आले, मग इकडून तिकडून, मग सगळ्यांचे.

पाळक माझ्यामागे आले. उपदेश केला. मग सूचनांची वेळ झाली. त्यांनी पुस्तक उचलले, कागद घेतला आणि क्षणभर हातात धरला. मग तो न उघडताच खिशात घातला. म्हणाले, "बुधवारची प्रार्थनासभा गुरुवारी होईल. बुधवारी सगळ्यांनी मतदानाला जावे. कोणाला द्यायचे ते मी सांगणार नाही, कोणी मला विचारूही नये." शेवटच्या बाकावरचा माणूस उठून निघून गेला.

उपासना संपल्यावर मुरलीधर जागचे हलले नाहीत. शकुताई त्यांना उठवायला आल्या.

"ती चार नावं पुन्हा सांग, शकु."

त्यांनी सांगितली.

"यांतला राजा कोण होणार?"

"कोणीच नाही, बाबा. नाल्या साफ करवणारा आणि गल्लीत दिवे लावणारा माणूस निवडायचा आहे."

म्हाताऱ्यांनी काठी टेकली. "नोकर निवडायचा आहे?"

"अच्छा, तसंच समजा."

"मग हे मला इतकी वर्षं कोणी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कोणाला विचारलं, बाबा?"

बुधवारी ते रिक्षात बसून केंद्रावर गेले. पुढच्या रविवारी मंडळीतली मुले त्यांचे शाई लावलेले बोट पाहायला गोळा झाली. मत कोणाला दिले हे त्यांनी सुनेलाही सांगितले नाही.

निवडून आलोक भैयाच आले. महिना गेला, सहा महिने गेले. भिंत झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात देवीदासांच्या कबरीचा कोपरा आणखी खचला. मग मंडळीत कुजबूज सुरू झाली. माझ्यासमोरच लोक बोलत. "शकुताईंनी मोडता घातला, नाहीतर भिंत झाली असती." काही घरांनी त्यांना नमस्कार करणे सोडले. पंचांची निवडणूक आली. शकुताई उभ्या राहिल्या आणि पडल्या. चिठ्ठ्या माझ्याच फळीवर उघडल्या गेल्या. निकाल ऐकून त्यांनी निवडून आलेल्या दीपाचा हात धरला आणि म्हणाल्या, "चलो, आता तू सांभाळ." घरी गेल्यावर रडल्या असतील तर मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी मात्र त्या फडके घेऊन आल्या आणि त्यांनी माझी द्राक्षे एकेक करून पुसली.

पण त्यांनी भिंत सोडली नाही. हर्षाला सोबत घेऊन त्या नाल्याकाठच्या घराघरांत गेल्या. नाल्याचे पाणी त्या लोकांच्याही अंगणात शिरत होते. त्यांतली पुष्कळ घरे विदर्भातून आलेल्या बौद्ध कुटुंबांची होती. सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज झाला. तो घेऊन दोघी आलोक भैयांकडे गेल्या. तिथे काय झाले ते हर्षाने पुढच्या रविवारी माझ्याजवळ उभे राहून पाळकांना सांगितले.

आलोक भैयांनी विचारले होते, "माताजी, सच बताइए, आपके लोगों ने मुझे वोट दिया था?"

शकुताई म्हणाल्या, "मालूम नहीं, भैया. आपके लिए प्रार्थना की थी, उतना मालूम है. अब आप हम सबके हैं, तो काम बताने आए हैं."

ते हसले आणि अर्ज ठेवून घेतला. उन्हाळ्यात भिंत बांधायला सुरुवात झाली. ती कंबरेइतकीच झाली, नाल्याच्या बाजूला जरा वाकडीही आहे. पण डुकरे थांबली. हे शकुताईंच्या प्रार्थनेने झाले की सह्यांनी, असा वाद मंडळीत अजून चालतो. शकुताई त्यात पडत नाहीत. मुरलीधर त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. त्यांना मुलाशेजारी जागा मिळाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला जपायचे म्हणजे काय करायचे? ओल येऊ देऊ नका, वाळवीवर लक्ष ठेवा, वर्षातून एकदा तेल द्या. पण एवढ्याने भागत नाही. उंचावर उभे राहून बोलणाऱ्याचे शब्द खालच्या माणसाला जड वाटतात. म्हणून माझ्यामागे उभे राहाल तेव्हा कोणाचे मन त्याच्या हातून काढून घेऊ नका. त्याला त्याचा विचार करू द्या आणि त्याच्यासाठी मागणे मागा. माझी एवढीच विनंती आहे.

आता आमच्याकडे रीतच पडली आहे. मागच्या विधानसभेच्या वेळी एका उमेदवाराचा भाऊ शनिवारी आला. पाळकांनी त्याला बाक दाखवून सांगितले, "उद्या या, बसा. तुमच्या भावाचे नाव प्रार्थनेत घेऊ. बाकी सगळ्यांचेही घेऊ."

"सबका? जो हमारे सामने खड़ा है, उसका भी?"

"त्याचेही."

तो जाता जाता दारातून म्हणाला, "तो पादरी जी, उसका नाम हमसे पहले मत लेना."